कार्डांची ६.४० लाख बाकी, दांपत्याची ७ लाखांच्या वैयक्तिक कर्जाची मागणी: एफओआयआर (हप्त्यांचं हातातल्या पगाराशी प्रमाण) ५२ की ८२ टक्के?

छाननी_टेबल

नागरी सहकारी बँकेच्या पुण्यातल्या शाखेत आलेला प्रस्ताव आहे. ओळख पटेल असं काही देत नाही.

नवरा ३६ वर्षांचा, चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कायम, हातात ५८,०००. बायको ३३ वर्षांची, खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन, कंत्राटी, हातात ३४,०००. घरकर्ज दोघांच्या नावावर दुसऱ्या बँकेत, हप्ता २७,५००. दुचाकीचा हप्ता ४,२००, अजून ८ बाकी. क्रेडिट कार्डं पाच, तीन त्याची आणि दोन तिची. ताज्या स्टेटमेंटांप्रमाणे एकूण बाकी ६,४०,०००, एकूण मर्यादा ७,१०,०००. सिबिल त्याचा ६८४, तिचा ७३१. त्याच्या एका कार्डावर १४ महिन्यांपूर्वी एकदा ०३० (भरणा ३० दिवस थकल्याची नोंद) दिसतो, बाकी सगळीकडे ०००. मागच्या सहा महिन्यांत त्याच्या नावावर ९ एन्क्वायऱ्या (कर्ज देणाऱ्यांनी रिपोर्ट पाहिल्याच्या नोंदी).

कार्डांची बाकी फेडायला मागणी ७ लाख, ६० महिने. आमचा दर १४ टक्के, म्हणजे हप्ता १६,२८८.

माझ्या शीटमध्ये एफओआयआर ८२ टक्के येतो, शाखाधिकारी ५२ म्हणतात. शिवाय ६.४० लाखांच्या देण्यासाठी ७ लाख का, हा प्रश्न आहेच. वरचे ६० हजार घरखर्चाला मागतायत का? प्रस्ताव परत पाठवावा असं माझं मत होतंय. काय काय तपासायचं राहिलंय?

---

खतावणी

८२ चुकीचा आहे. घरकर्ज संयुक्त असल्यामुळे ते दोघांच्याही रिपोर्टमध्ये दिसतं आणि तुमच्या शीटने ते दोनदा उचललंय. २७,५०० + ४,२०० + १६,२८८ = ४७,९८८. त्याला ९२,००० ने भागलं की ५२.२ टक्के. दोन रिपोर्ट जोडताना खातं उघडल्याची तारीख आणि मूळ मंजूर रक्कम ताडून पाहा, जुळणारी नोंद एकदाच धरा. ॲड-ऑन कार्डाचं उलटं असतं. खर्च बायको करते, पण देणं मुख्य कार्डधारकाचं, आणि ते त्याच्याच रिपोर्टवर येतं.

पण ५२ आला म्हणून फाईल पुढे ढकलू नका. या जातीच्या कर्जात एफओआयआर फार थोडं सांगतो. कार्डावरची बाकी कशी चढली, ते आधी पाहायचं. पाचही कार्डांची १२ महिन्यांची स्टेटमेंटं मागवा आणि चारच आकडे काढा: वर्षापूर्वीची बाकी, वर्षभरातली खरेदी, वर्षभरात भरलेली रक्कम, आणि व्याज-दंड-जीएसटी. खरेदीची चार-पाच ढोबळ खात्यांत फोड करा.

फोड करण्याआधी फिरवाफिरवी वेगळी काढा. ४ तारखेला कार्डात ६० हजार भरले आणि ६ तारखेला मोबाईलच्या दुकानात ५९ हजारांचं स्वाइप झालं, तर ती खरेदी नव्हे; दुकानदाराला दोन-तीन टक्के देऊन रोकड काढलेली असते. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या कार्डावर दरमहा घरभाडं दिसलं, तर तेही त्यातलंच. वॉलेट भरणं आणि एटीएममधून काढलेली रोकडही वेगळ्या रकान्यात टाका. रोकड उचलीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ती सवय असेल, तर घरात रोखीची जुनी चणचण आहे असं समजावं.

सिबिलवर न दिसणारी देणीही विचारा. पतसंस्थेचं कर्ज बहुतेक वेळा तिथे येत नाही. पगाराच्या स्लिपवर ‘सोसायटी’ अशी कपात असेल, तर ती हातातल्या पगारात परत मिळवा आणि देण्यांमध्ये धरा, नाहीतर टक्केवारी फसवी येते. बँक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला त्याच तारखेला, त्याच व्यक्तीला, तेवढीच रक्कम जातेय का? ती भिशी असेल, किंवा सावकार.

---

वसुली_बाजू

७ लाखांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण इथे अर्जदारांवर उगाच संशय येतोय.

तुमच्या बँकेत विनातारण कर्जावर ५ टक्के शेअर लिंकिंग (कर्जाच्या प्रमाणात बँकेचे शेअर्स घ्यायची अट) आहे का? असेल तर ६.४० लाख मंजूर केल्यावर ३२,००० शेअर्सला जातील. प्रक्रिया शुल्क १ टक्का धरलं तर ६,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,१५२. हातात उरले ६,००,४४८. कार्डांना चाळीस हजार कमी पडले.

दुसरी गोष्ट, ६.४० लाख हा आकडा स्टेटमेंटच्या तारखेचा आहे. पूर्ण भरणा न करणाऱ्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज रोज चढतं. ४२ टक्के वार्षिक दराने ६.४० लाखांवर दिवसाला ७३६ रुपये, जीएसटीसह ८६९. स्टेटमेंटनंतर १२ दिवसांनी रक्कम पोचली तर साधारण १०,४०० वाढलेले असतात, आणि ते पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटवर उगवतात. अर्जदाराला वाटतं सगळं फिटलं. प्रत्येक कार्डावर दोन-अडीच हजार राहतात, त्यावर विलंब शुल्क लागतं, आणि कर्ज मिळाल्यानंतर दोन महिन्यांत रिपोर्ट बिघडतो.

७ लाखांवर गणित करून पाहा. शेअर्स ३५,०००, शुल्क जीएसटीसह ८,२६०, हातात ६,५६,७४०. लागणार ६,५०,४००. सहाच हजार उरतात. म्हणजे मागणी नेमकी आहे, बहुधा तुमच्याच काउंटरवर कोणीतरी त्यांना हिशोब करून दिलाय. शेअर्सची रक्कम ते स्वतःच्या खिशातून भरू शकत असतील, तर कर्ज ३५ हजारांनी कमी करा.

प्रत्येक कार्डाचं ‘आजच्या तारखेला बंद करायला किती’ हे लेखी घ्या. कार्डावर ईएमआयमध्ये बदललेली रक्कम असेल, तर उरलेलं मुद्दल स्टेटमेंटच्या एकूण देय रकमेत दिसत नाही आणि मुदतीआधी बंद करायला वेगळं शुल्क लागतं. असा ईएमआय १५-१६ टक्क्यांचा असेल आणि सहा-सात हप्तेच उरले असतील, तर त्याला हात लावू नका, चालू द्या. ४२ टक्क्यांची बाकी आधी मारायची.

---

छाननी_टेबल

दोघांचेही आभार. घरकर्जाची दुहेरी नोंद मान्य. शेअर लिंकिंग आमच्याकडे ५ टक्के आहे, ते लक्षातच घेतलं नव्हतं.

स्टेटमेंटं आली. वर्षापूर्वीची बाकी ४,१०,०००. खरेदी ३,४३,०००. भरणा ३,३६,०००. व्याज, शुल्क, जीएसटी मिळून २,२३,०००. फिरवाफिरवी किंवा रोकड उचल सापडली नाही. खरेदीची फोड: किराणा-पेट्रोल-वीज १,४६,०००, शाळेची फी ६२,०००, रुग्णालय ४८,००० (एकदाच, मुलाचं ऑपरेशन), ऑनलाइन खरेदी आणि हॉटेल ८७,०००.

स्लिपवर सोसायटी कपात नाही. तिच्या खात्यातून दरमहा ३,००० एसआयपी (म्युच्युअल फंडाचा हप्ता) जाते, आणि १० तारखेला एकाच व्यक्तीला ३,००० यूपीआय. ती भिशीच आहे, विचारून खात्री केली.

खरेदी आणि भरणा जवळपास सारखाच, म्हणजे बाकी फक्त व्याजाने वाढली. मग व्याज कमी केलं की प्रश्न सुटतो, असं म्हणता येईल ना?

---

खतावणी

नाही. तिथेच थांबा, या फाईलचा निर्णय याच ओळीवर आहे.

भरणा महिन्याला २८,०००, खरेदी २८,५८३. या घराने वर्षभरात कार्डाचं देणं निव्वळ एक रुपयानेही फेडलेलं नाही, उलट दरमहा ५८३ ची भर घातली. शिस्तीने २८ हजार भरले म्हणून डीपीडी (थकलेले दिवस) ००० दिसतो, पण तेवढीच रक्कम दुसऱ्या दाराने परत घरात आली. कार्डं बंद झाली की ते २८ हजार मोकळे होतील हे खरं, पण किराणा, पेट्रोल, फी हे २८,५८३ ही रोखीने द्यावे लागतील. मग तुमचा १६,२८८ चा हप्ता कुठून येणार?

उलट्या बाजूने ताळा करा. आज ९२,००० मधून घरकर्ज-दुचाकीचे ३१,७०० आणि कार्डांचे २८,००० गेले की ३२,३०० रोख उरतात. कार्डावरचे २८,५८३ मिळवले की घराचा खरा खर्च ६०,८८३. कर्जानंतर हातात राहतील ९२,००० वजा ४७,९८८, म्हणजे ४४,०१२. फरक १६,८७१.

एवढी कपात पहिल्या महिन्यापासून झाली तरच कर्ज चालेल. नाही झाली तर हप्ता काही महिने वेळेवर येईल, कारण मोकळी झालेली कार्डं पुन्हा भरत जातील, आणि वर्ष-दीड वर्षात कर्ज अधिक कार्डं अशी दोन्ही देणी उभी राहतील. एकत्रीकरणाची कर्जं बुडतात ती बहुतेक अशीच.

आता कपात कुठून शक्य आहे ते पाहू. ऑपरेशन एकदाचं होतं, महिन्याला ४,००० सुटले. ऑनलाइन आणि हॉटेल पूर्ण थांबवलं तर ७,२५०. एकूण ११,२५०. अजून ५,६२१ कमी पडतात. एसआयपी थांबवली की ३,०००. वर्षाला ४२ टक्के व्याज भरत असताना एसआयपी चालू ठेवणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं, हे त्यांना स्पष्ट सांगा. भिशीचे ३,००० धरले तर तूट भरून ३७९ उरतात. दुचाकी फिटल्यावर त्यात ४,२०० ची भर.

पण भिशीबद्दल एकच प्रश्न विचारायचा: उचलली की नाही? उचलली नसेल तर ती लवकर उचलून रक्कम कार्डात घाला आणि कर्ज कमी करा. उचलून झाली असेल, तर उरलेले हप्ते हे देणंच आहे, थांबवता येत नाही. मग ते एफओआयआरमध्ये धरा: ५०,९८८ भागिले ९२,०००, म्हणजे ५५.४ टक्के. आणि ३७९ च्या शिलकेऐवजी २,६२१ ची तूट.

---

पगारपत्रक

उत्पन्नाच्या पडताळणीबद्दल थोडं.

फेब्रुवारीची स्लिप मुद्दाम मागा. महाराष्ट्रात व्यवसायकर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापला जातो, वर्षाचे २,५०० होतात. घरी बसून बनवलेल्या स्लिपमध्ये बरेचदा बाराही महिने २०० असतात. स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही, पण इथे तिचा पगार त्यावर आहे, म्हणजे कपात दिसायला हवी. रुग्णालय तिला पगार न देता व्यावसायिक मोबदला देत असेल, तर स्लिपच नसेल. मग बँकेत जमा होणारी रक्कम आणि त्यावर कापलेला टीडीएस यावरच उत्पन्न धरावं लागेल.

त्याच्या बाबतीत ईपीएफओचं (भविष्य निर्वाह निधीचं) पासबुक पाहा. दरमहा कोणत्या आस्थापनेकडून वर्गणी आली, खंड पडला का, हे तिथे कळतं. २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या करकपातीच्या विवरणात) टीडीएस नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही.

चाकणच्या कंपन्यांत ओव्हरटाइम आणि उत्पादन भत्ता पगाराचा मोठा भाग असतो. ५८,००० हा सहा महिन्यांचा सरासरी आकडा आहे की दिवाळीच्या महिन्याचा? मूळ वेतन, महागाई आणि ठरलेले भत्ते पूर्ण धरा, ओव्हरटाइम निम्म्यानेच धरा.

तिची नोकरी कंत्राटी आहे, तेव्हा तिचा पगार बंद पडला असं धरून एकदा हिशोब करा: ४७,९८८ भागिले ५८,०००, म्हणजे ८२.७ टक्के. उरतात १०,०१२. त्यात पुण्यात घर चालत नाही. म्हणून प्रस्ताव नाकारा असं मी म्हणणार नाही, लॅब टेक्निशियनला दुसरं काम मिळतं. पण कंत्राट किती वेळा नूतनीकरण झालं आणि मध्ये किती दिवसांचा खंड पडला, ते नोंदवून ठेवा. ती सहकर्जदार हवीच. नुसती जामीनदार नको, कारण परतफेडीचा हिशोब तिच्या पगारावर उभा आहे.

---

वसुली_बाजू

वरच्या हिशोबात एक सुधारणा सुचवतो. एसआयपी नुसती थांबवू नका, जमलेले युनिट किती ते विचारा. दुचाकीचे ८ हप्ते म्हणजे आज ३२ हजारांच्या आसपास. तेवढे युनिट निघत असतील तर ते विकून दुचाकी आधीच फेडायला लावा आणि नाहरकत पत्र फाईलला लावा. हप्ते ४३,७८८ वर येतात, ४७.६ टक्के, आणि सुरुवातीचे आठ महिने, जिथे हे प्रस्ताव घसरतात, तिथे ४,२०० ची हवा मिळते.

घरकर्जावर टॉप-अप (त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज) का घेतलं नाही, हेही विचारा. दर बराच कमी पडला असता. त्यांनी मागितलं आणि त्या बँकेने नाकारलं असेल, तर कारण तुम्हाला कळायला हवं. ९ एन्क्वायऱ्यांपैकी एक तीच असू शकते. बाकीच्या कोणाच्या आहेत ते एकेक पाहा. एकाच आठवड्यातल्या चार-पाच असतील तर एखाद्या एजंटाने अर्ज सगळीकडे टाकलाय. सहा महिन्यांत पसरलेल्या असतील आणि त्यात १५-२० हजारांची ॲपवरची कर्जं असतील, तर पैशांची ओढाताण चालू आहे.

घरात सोनं असेल तर सोनेतारणाचा पर्यायही मांडा. अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारणाला रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. दोन लाख तिकडून आले तर विनातारण कर्ज ५ लाखांवर येईल. मात्र सोनेतारणाची मुदत छोटी असते, मुद्दल एकदम भरायची वेळ येते. दिवाळीचा बोनस तिकडे लावायचं ठरत असेल तरच.

जामीनदार घेत असाल तर त्यांचेही रिपोर्ट काढा, आणि हे दोघं त्यांच्या कर्जाला जामीन आहेत का ते पाहा. एकाच कंपनीतले चौघं एकमेकांना जामीन असले की कंपनीत कपात झाल्यावर चारही खाती एकदम थकतात.

---

छाननी_टेबल

भिशी उचललेली नाही. डिसेंबरचा नंबर त्यांचा आहे, ३६,००० मिळतील. युनिट ४१,००० चे आहेत. पैसे सोडताना काय अटी घालाव्यात? आणि मुदत ६० ऐवजी ४८ करावी का? एकूण व्याज ५९ हजारांनी कमी होतंय.

---

खतावणी

४८ महिन्यांवर हप्ता १९,१२९ होतो. वर काढलेल्या शिलकेत ते २,८४१ जास्तीचे बसत नाहीत. मुदत ६० ठेवा, पण भाग-परतफेड शुल्काशिवाय करता येईल असं मंजुरीपत्रात लिहा. डिसेंबरची भिशी आणि बोनस त्यात येऊ द्या, त्या रकमेने हप्ता न घटवता मुदत घटवायची.

रक्कम त्यांच्या बचत खात्यात सोडू नका. प्रत्येक कार्डाला थेट पाठवा. एनईएफटीने पाठवताना कार्ड क्रमांक हाच खाते क्रमांक असतो, आणि कार्ड देणाऱ्या बँकेचा त्यासाठीचा आयएफएससी वेगळा असू शकतो. तो अर्जदाराच्या स्टेटमेंटवरून घ्या. पाच भरणे, पाच यूटीआर (व्यवहार क्रमांक), फाईलला लावा. रक्कम स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधी पोचवली, तर मागे राहणारं व्याज त्याच स्टेटमेंटवर दिसतं आणि लगेच भरून टाकता येतं. उरलेले सहा हजार त्यासाठीच राखून ठेवा.

बंद करायच्या आधी कार्डांवर लावलेले आपोआप भरणे हलवायला सांगा: वीज, विमा, मोबाईल, ओटीटी. ते राहिले की बंद करायला घेतलेल्या कार्डावर नवीन रक्कम पडते आणि बंद करणं अडतं. बाकी शून्य झाल्यावर बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा ईमेलने द्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बंधनकारक आहे, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, मात्र बाकी शून्य हवी. फोनवर ‘वार्षिक शुल्क माफ करतो, ठेवा’ असं सांगून परतवतात, म्हणून लेखीच.

पाचही बंद करावीत की एक ठेवावं, यावर मतं वेगळी आहेत. माझ्या मते चार बंद, आणि सर्वांत जुनं एक ठेवून त्याची मर्यादा २५,००० वर आणायची, संपूर्ण देय रकमेचा ऑटो-डेबिट लावायचा. जुना इतिहास राहतो आणि अडीनडीला आधार राहतो. सगळी बंद केली तर पहिल्याच अडचणीला ॲपवरचं कर्ज घेतलं जातं.

---

वसुली_बाजू

मी पाचही बंद करायच्या बाजूचा आहे, पण इथे फिरवाफिरवी नाही, रोकड उचल नाही, त्यामुळे एकाला हरकत घेणार नाही. मर्यादा कमी झाल्याचं पत्र मात्र रक्कम सोडल्यापासून ३० दिवसांत फाईलला हवं.

हप्त्याची तारीख पगारानंतरची ठेवा. त्याचा पगार ७ ला येत असेल आणि घरकर्ज ५ ला जात असेल, तर तुमचा हप्ता १० ला लावा. मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) तिच्या खात्यावर नको, त्याच्या पगाराच्या खात्यावर घ्या.

मुख्य तथ्य विवरणपत्रात (कर्जदाराला द्यायच्या अटी-खर्चाच्या सारांशात) वार्षिक टक्केवारी दर दाखवताना शुल्क धरा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते लागू आहे. विमा कोणी आग्रहाने जोडत असेल तर त्याचा प्रीमियम कर्जातून कापू देऊ नका, कार्डांना पुन्हा रक्कम कमी पडेल.

तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात दोघांचेही रिपोर्ट पुन्हा काढा, त्याची संमती मंजुरीच्या वेळीच घेऊन ठेवा. जानेवारी २०२५ पासून माहिती निदान पंधरवड्याने अद्ययावत होते, त्यामुळे नवीन कार्ड किंवा ॲपचं कर्ज लवकर दिसतं. चार कार्डांपुढे ‘बंद’ असं आलंय का ते तपासा. ‘तडजोड’ (पूर्ण न भरता मिटवलेलं खातं) असा शेरा चुकून पडला असेल तर लगेच तक्रार करायला लावा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

---

छाननी_टेबल

शिफारस अशी लिहितोय: ७ लाख, ६० महिने, दोघं सहकर्जदार. रक्कम सोडण्यापूर्वी युनिट विकून दुचाकी फेडल्याचं नाहरकत पत्र. थेट पाच भरणे. चार कार्डं बंद, एकाची मर्यादा २५,०००. डिसेंबरची भिशी भाग-परतफेडीला. घरखर्चाची ४४,०१२ ची पाटी उद्या दोघांना समोर बसवून मांडतो. दुचाकी फिटली की ती ४८,२१२ होईल. ती त्यांना जमणार नाही असं दिसलं, तर कर्ज मंजुरीला पाठवणार नाही.